ट्रॅक्टरच्या छतासाठी पाईप वाकवताना

ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या उन्हाळ्यातच छताचा विषय निघतो. मार्च ते मे या काळात नांगरट, ढेकळे फोडणे, शेणखत वाहणे ही कामे भर उन्हात चालतात आणि चालकाला तासन् तास उघड्यावर बसावे लागते. अशा वेळी तयार छत विकत घेण्याऐवजी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात किंवा घरच्या शेडमध्येच पाईप वाकवून चौकट उभी करणे अनेक शेतकरी बंधू पसंत करतात. ट्रॉलीवर ताडपत्री टाकण्यासाठीच्या कमानी, दिव्यांचे गार्ड, फवारणीच्या टाकीची कडी या वस्तूही याच पद्धतीने तयार होतात. काम अवघड नाही आणि त्याला फार महाग अवजारेही लागत नाहीत.

मात्र या कामात दोन गोष्टींची गल्लत होताना दिसते. पहिली गल्लत साधी आहे. पाईप नीट न वाकता मध्येच चेपतो, पैसे वाया जातात आणि चौकट वाकडी होते. दुसरी गल्लत जिवावर बेतणारी आहे. डोक्यावर लोखंडी चौकट आली म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी आपण वाचू, असा समज होतो. म्हणून या लेखात पाईप कसा वाकवावा हे सविस्तर दिले आहे, आणि घरी वाकवलेल्या पाईपवर कोणते काम सोपवू नये हेही सांगितले आहे.

बाकात पाईपचे काय होते?

पपईच्या पानाचा पोकळ देठ दोन्ही हातांनी हळूहळू वाकवून पाहा. थोडा वेळ तो छान गोल वळतो आणि मग एकाएकी एका जागी घडी पडून चपटा होतो. एकदा घडी पडली की पुढचे सगळे वाकणे त्या घडीतच होते. लोखंडी पाईपही याच रीतीने वागतो.

पाईप वाकतो तेव्हा बाकाची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. ताणलेल्या बाजूची जाडी कमी होते. दाबलेल्या बाजूला सुरकुत्या पडू पाहतात. आत पोकळी असल्याने दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकतात आणि गोल नळी अंड्यासारखी होऊ लागते. ताण किती पडणार हे बाकाच्या त्रिज्येवर ठरते. येथे त्रिज्या म्हणजे बाकाच्या मध्यापासून पाईपच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर. ही त्रिज्या पाईपच्या बाहेरील व्यासाच्या पाचपट ठेवली तर बाहेरची बाजू सुमारे १० टक्के ताणली जाते. तिप्पट ठेवली तर सुमारे १७ टक्के आणि दुप्पट ठेवली तर २५ टक्के ताण पडतो. साधे पोलाद इतका ताण एका जागी सहन करताना तडकू शकते.

म्हणून घरच्या कामात त्रिज्या बाहेरील व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी कधीही घेऊ नये. जागा असेल तेथे चारपट किंवा पाचपट घ्यावी. कोपरा थोडा मोठा दिसतो, पण पाईप गोल राहतो. तिपटीचा हा आकडा केवळ आमच्या सोयीचा नाही. मोटार शर्यतींचे जागतिक नियम करणारी एफआयए ही संस्था शर्यतीच्या गाडीतील संरक्षक पिंजऱ्यासाठी हीच किमान त्रिज्या मागते.

पाईपची निवड

दुकानात ‘एक इंची पाईप’ मागितला की दोन वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. पाण्याच्या पाईपचे माप त्याच्या आतल्या नाममात्र व्यासावरून बोलले जाते. एक इंची पाण्याच्या पाईपचा बाहेरील व्यास प्रत्यक्षात ३३.७ मि.मी. असतो, पाऊण इंचीचा २६.९ मि.मी. आणि दीड इंचीचा ४८.३ मि.मी. उलट खुर्च्या-टेबलांसाठी मिळणारी एक इंची नळी बाहेरून मोजलेली असते, म्हणजे २५.४ मि.मी. ही फर्निचरची नळी बहुधा १८ किंवा १६ गेज, म्हणजे १.२ ते १.६ मि.मी. जाडीची असते. ती दिसायला सुबक असते, पण हाताने वाकवताना लगेच चेपते. त्यामुळे खरेदीला जाताना फूटपट्टी सोबत न्यावी आणि बाहेरील व्यास व काठाची जाडी स्वतः मोजूनच पाईप घ्यावा.

छताच्या चौकटीसाठी एक इंची, बी क्लासचा काळा पाईप चांगला. त्याची जाडी ३.२ मि.मी. असते आणि वजन मीटरला सुमारे अडीच किलो भरते. ए क्लासचा पाईप पातळ असतो, बाकात जास्त जपावे लागते. सी क्लास वाकवायला जड जातो आणि छतासाठी विनाकारण वजन वाढवतो.

बोअरमधून काढलेले जुने जीआय पाईप बहुतेकांच्या वाड्यात पडलेले असतात आणि ते वापरण्याचा मोह होतो. वेलींच्या मांडवाला, कुंपणाला ते जरूर वापरावेत. वाकवण्यासाठी घेऊ नयेत. असा पाईप आतून गंजलेला असतो आणि त्याची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. जिथे तो पातळ झाला असेल नेमका तिथेच मोडतो. चौकोनी नळीही हाताने वाकवण्याच्या भानगडीत पडू नये, तिची आतली बाजू हमखास आत बसते. चौकोनी नळीचा कोपरा हवा असेल तर ती तिरकी कापून जोडावी.

बहुतेक काळ्या पाईपला लांबीच्या दिशेने वेल्डिंगची एक शिवण असते. बाहेरून ती वेगळ्या रंगाच्या बारीक पट्ट्यासारखी दिसते, न दिसल्यास टोकातून आत बोट फिरवावे, उंचवटा हाताला लागतो. ही शिवण बाकाच्या बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला येऊ देऊ नये, कारण तेथे सर्वांत जास्त ताण किंवा दाब असतो. पाईप जमिनीला समांतर आडवा वाकवत असाल तर शिवण वर आकाशाकडे ठेवावी. शिवणीवर खडूने सरळ रेघ ओढून ठेवली तर दुसरा एक फायदा होतो. दुसरा बाक करताना ती रेघ पुन्हा बरोबर वर आणली की दोन्ही बाक एकाच पातळीत येतात आणि चौकटीला पीळ पडत नाही.

लांबीचा हिशोब

पाईप कापण्यापूर्वी हिशोब कागदावर करावा. बाकातून जाणारी मध्यरेषा सरळ कोपऱ्यापेक्षा आखूड असते, ही गोष्ट विसरली की चौकटीचे पाय लांब उरतात किंवा खुणा चुकतात. काटकोनी बाकात मध्यरेषेची लांबी त्रिज्येच्या १.५७ पट असते.

एक उदाहरण घेऊ. एक इंची पाईपची उलट्या ‘यू’ आकाराची कमान करायची आहे. मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत रुंदी १२०० मि.मी. आणि उंची १००० मि.मी. हवी आहे. त्रिज्या व्यासाच्या सुमारे तिप्पट, म्हणजे १०० मि.मी. धरू. प्रत्येक उभ्या पायाची सरळ लांबी १००० वजा १००, म्हणजे ९०० मि.मी. वरच्या आडव्या भागाची सरळ लांबी १२०० वजा २००, म्हणजे १००० मि.मी. प्रत्येक बाकाची लांबी १५७ मि.मी. सर्वांची बेरीज ३११४ मि.मी. येते. नुसती उंची, रुंदी, उंची अशी बेरीज केली असती तर ३२०० मि.मी. आली असती, म्हणजे ८६ मि.मी.चा फरक पडला असता.

खुणा करताना पहिल्या टोकापासून ९०० मि.मी.वर पहिला बाक सुरू होतो आणि १०५७ मि.मी.वर संपतो, त्याचा मध्य साधारण ९७८ मि.मी.वर येतो. दुसरा बाक २०५७ मि.मी.वर सुरू होऊन २२१४ मि.मी.वर संपतो, त्याचा मध्य २१३५ मि.मी.वर. तीनही खुणा खडूने पाईपच्या भोवती गोल कराव्यात. टोकांना ५० मि.मी. जादा ठेवायचे असेल तर सर्व खुणा तेवढ्याच पुढे सरकवाव्यात. जादा ठेवणे केव्हाही बरे.

थंड वाकवणे

शक्य असेल तर पाईप थंडच वाकवावा. त्यासाठी नळकाम करणाऱ्यांकडे असतो तो हायड्रॉलिक बेंडर सर्वांत सोयीचा. त्यात मध्ये जॅकने पुढे सरकणारा खोबणीचा साचा असतो आणि दोन बाजूंना दोन टेकू. बाकाच्या मध्याची खूण साच्याच्या मध्यावर आणावी आणि जॅक सावकाश दाबावा. साच्यावर पाईपचे माप लिहिलेले असते. हे माप पाण्याच्या पाईपचे असते हे पक्के लक्षात ठेवावे. एक इंचीच्या साच्याची खोबण ३३.७ मि.मी. पाईपसाठी केलेली असते. तिच्यात फर्निचरची २५.४ मि.मी. नळी घातली तर बाजूंना आधार मिळत नाही आणि ती हमखास चेपते. दोष बेंडरला दिला जातो, चूक मापाची असते. साच्याची त्रिज्याही आधी मोजून घ्यावी. ती १०० मि.मी. नसेल तर वरचा हिशोब त्या त्रिज्येने पुन्हा करावा.

बेंडर नसेल तर जाड लाकडाचा किंवा लोखंडी पट्टीचा अर्धगोल फर्मा करून तो भक्कम मेजाला बोल्टने आवळावा. पाईपचे एक टोक फर्म्याच्या सुरुवातीला अडकवून दुसऱ्या टोकात लांब दांडी घालावी आणि फर्म्याभोवती ओढत न्यावे. झटका देऊ नये. ट्रॉलीच्या मोठ्या कमानींसाठी मोडीत निघालेल्या ट्रकच्या चाकाची डिस्क फर्मा म्हणून छान चालते. झाडाच्या बेचक्यात पाईप घालून ओढण्याची पद्धत गावोगाव आहे. तिने पाईप वाकतो खरा, पण सगळा जोर एका रेषेवर येतो आणि पपईच्या देठाची गत होते.

दाब काढला की पाईप थोडा मागे सरकतो. साध्या पोलादात काटकोनी बाकाला साधारण २ ते ५ अंश मागे येणे धरावे. नेमके किती हे त्याच पाईपच्या उरलेल्या तुकड्यावर एक बाक करून पाहावे आणि तेवढे जास्त वाकवावे. गुण्या लावून पाहत, थोडे थोडे करत पुढे जावे. जास्त वाकलेला पाईप उलटा सरळ करताना धातू त्याच जागी दुसऱ्यांदा दमतो.

वाळू भरून, तापवून वाकवणे

फर्म्यावर पाईप चेपत असेल किंवा त्रिज्या लहान असेल तर आत वाळू भरावी. वाळू आतून आधार देते आणि पोकळी बसू देत नाही. आपल्या उदाहरणातील कमानीला साधारण ३ किलो वाळू लागते. वाळू बारीक चाळलेली असावी. पाईपचे एक टोक लाकडी बुचाने बंद करून पाईप उभा धरावा, वाळू ओतत जावी आणि लाकडी हातोडीने वरपासून खालपर्यंत ठोकत राहावे. ठोकल्यावर वाळू खाली बसते, मग आणखी भरावी. पाईपचा आवाज भरीव येईपर्यंत हे करावे. अर्धवट भरलेला पाईप रिकाम्या पाईपइतकाच चेपतो.

तापवून वाकवायचे असल्यास वाळू पूर्णपणे कोरडी असलीच पाहिजे. उन्हात वाळवलेली वाळू पुरेशी कोरडी नसते, ती लोखंडी कढईत भाजून घ्यावी. पाण्याची वाफ होताना ती मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते. बंद पाईपमध्ये ओली वाळू तापली तर बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते, कधी पाईपच फाटतो. म्हणून एका बुचाला सुमारे ३ मि.मी.चे छिद्र ठेवावे, पाईपच्या टोकांच्या रेषेत कोणी उभे राहू नये आणि वाळू भरलेल्या पाईपची दोन्ही टोके वेल्डिंग करून बंद तर कधीच करू नयेत.

तापवण्याचे काम गावच्या लोहाराच्या भट्टीवर उत्तम होते. त्याचा हात आणि डोळा या कामात आपल्यापेक्षा जाणता असतो. बाकाची जेवढी लांबी आहे तेवढाच भाग, म्हणजे आपल्या उदाहरणात १५७ मि.मी. आणि दोन्हीकडे थोडा जास्त, सर्व बाजूंनी सारखा तापवावा. पाईप संत्र्यासारखा लालकेशरी झाला म्हणजे तो वाकवण्याजोगा होतो. रंग उतरून काळपट लाल झाला की थांबावे आणि पुन्हा तापवावे. २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे लाली पूर्ण गेलेली पण पाईप अजून खूप गरम आहे अशा अवस्थेत, पोलाद ठिसूळ वागते. त्या वेळी जोर लावल्यास तडा जाण्याची भीती असते. वाकवल्यानंतर पाणी ओतू नये, पाईप हवेत आपोआप निवू द्यावा.

जीआय पाईप कधीही तापवू नये. त्यावरचा जस्ताचा थर ९०७ अंशांना उकळतो आणि त्याचा पांढरा धूर होतो. हा धूर छातीत गेला की काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तहान लागते, तोंडाला धातूची चव येते. हिवताप समजून भलतेच औषध घेतले जाते. वेल्डिंगच्या दुकानात गूळ खाण्याची किंवा दूध पिण्याची रीत आहे. त्याने धुराचा परिणाम टळत नाही. जीआय पाईप जोडावाच लागला तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर घासून काढावा, काम मोकळ्या हवेत करावे आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. श्वासाला त्रास होऊ लागल्यास डॉक्टरांकडे जाताना आपण कोणते काम केले ते आठवणीने सांगावे.

ब्रेकच्या, हायड्रॉलिकच्या आणि डिझेल पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांना या लेखातील कोणतीही पद्धत लावू नये. त्या उच्च दाबाच्या नळ्या असतात. त्या खराब झाल्यास बदलाव्यात.

वाकवलेला पाईप तपासणे

बाक झाल्यावर तो हाताने चाचपून पाहावा. मग व्हर्नियरने किंवा कॅलिपरने बाकाच्या मध्यावर दोन दिशांनी व्यास मोजावा. लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला तर तो पाईप चौकटीत घेऊ नये. ही मर्यादाही एफआयएच्या नियमांत आहे. एक इंची पाईपला साधारण साडेतीन मि.मी.पर्यंतचा फरक या मर्यादेत बसतो. आतल्या बाजूला स्पष्ट घडी पडली असेल किंवा बाहेरच्या बाजूला बारीक चीर दिसत असेल तर मोजण्याचीही गरज नाही, तो तुकडा बाजूला ठेवावा. घडी हातोडीने ठोकून किंवा वेल्डिंगने भरून पाईप पूर्ववत होत नाही. वरून रंग दिला की घडी दिसत नाही एवढेच.

छत ट्रॅक्टरवर बसवताना

दोन कमानी आणि त्यांना जोडणारे आडवे पाईप मिळून साधारण १२ मीटर पाईप लागतो, म्हणजे नुसत्या चौकटीचेच वजन ३० किलो होते. हे वजन ट्रॅक्टरच्या सर्वांत वरच्या भागात येते. ट्रॅक्टरचे वजन जितके वर, तितका तो उतारावर लवकर कलंडतो. म्हणून वर जाड पत्रा टाकू नये, ताडपत्री किंवा हलके फायबर वापरावे. छतावर चाऱ्याच्या पेंढ्या, पाईप, स्प्रेअर असे काही ठेवू नये.

चौकटीचे पाय जाड पट्टीचे तळ करून बोल्टने बसवावेत, खाली रबर घालावे आणि न सुटणारे नट वापरावेत. मागच्या धुरीच्या घरावर वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे पूर्णपणे टाळावे. ते ओतीव लोखंड असते, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याला तडे जातात. ट्रॅक्टरच्या कोणत्याही भागावर वेल्डिंग करावेच लागले तर आधी बॅटरीच्या तारा आणि अल्टरनेटरची जोडणी सोडावी, आणि वेल्डिंगची अर्थिंगची पकड जोडाच्या अगदी जवळ लावावी. ती दूर लावली तर वीज बेअरिंगमधून वाट काढते आणि बेअरिंगवर चट्टे पडतात.

हे छत ट्रॅक्टर उलटल्यावर वाचवत नाही

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आपण तयार केलेले छत उन्हापासून आणि थोड्याफार पावसापासून वाचवते. ट्रॅक्टर उलटला तर ते वाचवू शकत नाही.

ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा किती वेळ मिळतो हे पाहिले तर कल्पना येईल. चिखलात रुतलेली ट्रॉली ओढताना पुढची चाके उचलली गेली की साधारण पाऊण सेकंदात अशी स्थिती येते की त्यानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो, आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर पूर्ण पालथा होतो. माणसाला काय होते आहे हे समजेपर्यंतच पाऊण सेकंद जातो. उडी मारून वाचू, हा हिशोब कागदावरही जुळत नाही. साखळी वरच्या लिंकला किंवा धुरीला बांधून ओढले तर हा धोका फार वाढतो. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारलाच द्यावी. कठडा नसलेल्या विहिरीचा काठ, पाटाचा भराव, उंच बांध या जागी ट्रॅक्टर आडवा कलंडतो, आणि तेथेही तेवढाच थोडा वेळ मिळतो.

यासाठी ट्रॅक्टरला रोल बार, म्हणजे चालकाच्या मागे उभी असणारी संरक्षक चौकट, बसवतात. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला अशी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. या चौकटीची चाचणी कशी होते ते समजून घेण्यासारखे आहे. चौकट यंत्रावर बसवून तिला मागून आणि बाजूने दाबतात, आणि ट्रॅक्टरच्या वजनाच्या प्रमाणात ठरवलेली ऊर्जा तिने पचवावी लागते. शिवाय वरून ट्रॅक्टरच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भार टाकतात. २००० किलोच्या ट्रॅक्टरसाठी हा भार सुमारे ४ टन होतो. हे सगळे होत असताना चौकट वाकली तरी चालते. चालकाच्या बसण्याची जागा मात्र मोकळी राहिली पाहिजे.

म्हणजे चांगली संरक्षक चौकट ताठ राहत नाही. ती ठरवून वाकते आणि वाकता वाकता आघात पचवते. त्यासाठी तिचे पोलाद कोणते, जाडी किती, बाक कोठे, पाया धुरीला कसा धरलेला आणि बोल्ट कोणत्या प्रतीचे, हे सारे एकमेकांशी जुळवलेले असते. आपल्या छताचा बाक आठवा. ३.२ मि.मी. जाडीचा पाईप बाकाच्या बाहेरच्या बाजूला पावणेतीन मि.मी.च्या आसपास उरला आहे, धातूची ताणण्याची बरीचशी ताकद वाकवतानाच खर्च झाली आहे, आणि पाय मडगार्डच्या पत्र्यावर उभे आहेत. ट्रॅक्टर उलटला तर मडगार्ड आधी फाटेल आणि चौकट चालकावर मिटेल. जाड पाईप वापरला म्हणून हे टळत नाही. जाड चौकट वाकली नाही तर तिचे बोल्ट तुटतात. घरी केलेल्या चौकटीची चाचणी करण्याचा एकच मार्ग असतो, आणि तो कोणीही पत्करू नये.

म्हणून रोल बार घरी किंवा गावच्या दुकानात तयार करून घेऊ नये, तुमच्या वेल्डरचा हात कितीही चांगला असला तरीही. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे कंपनीची, चाचणी झालेली संरक्षक चौकट आहे का हे विचारावे आणि ती त्याच मॉडेलसाठी आहे याची खात्री करावी. आधीच रोल बार असलेल्या ट्रॅक्टरवर छत बसवायचे असेल तर रोल बारला भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये, त्याने चाचणीत ठरलेली ताकद बदलते. कंपनीने दिलेल्या जागी, पकडीने बसणारे छतच लावावे. एकदा उलटून वाकलेला रोल बार सरळ करून पुन्हा वापरू नये.

हीच गोष्ट जीप आणि पिकअपच्या पुढे लावल्या जाणाऱ्या पाईपच्या गार्डबाबत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात परस्पर बदल करता येत नाहीत, आणि असे गार्ड या कलमात बसत नाहीत, त्यांवर कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. त्यामागे कारण आहे. धडकेत गाडीचा पुढचा भाग चुरगळून आघात पचवतो. ताठ गार्ड तो आघात थेट गाडीच्या सांगाड्यात पोहोचवतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला तर पत्र्याऐवजी लोखंडी पाईप लागतो. एअरबॅग असलेल्या गाडीत ती उघडण्याची वेळही त्यामुळे चुकू शकते.

सीटबेल्टबद्दल नेहमी विचारणा होते. ट्रॅक्टरला चाचणी झालेला रोल बार असेल तर बेल्ट अवश्य लावावा. ट्रॅक्टर उलटताना माणूस चौकटीच्या संरक्षित जागेतच राहायला हवा, बाहेर फेकला गेला तर तीच चौकट त्याच्यावर पडते. रोल बार नसेल, नुसते छत असेल, तर बेल्ट लावू नये, कारण मग तो माणसाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरना मिटणारा रोल बार येतो. फांद्यांखाली तो मिटवावा लागतो. तो मिटलेला असेपर्यंत त्या ट्रॅक्टरला रोल बार नाही असेच समजून बेल्ट सोडून ठेवावा, आणि बागेबाहेर पडताच रोल बार उभा करून, पिना घालून, मग बेल्ट लावावा.